हिरण्यकेशीच्या काठावरचे रविवार

ह्यांच्या हृदयात स्टेंट बसवून घरी आणलं, त्या दिवसापासून मी ह्यांचा श्वास ऐकायला लागले. ब्लाउजला शिलाई घालता घालता मशीनवरचा माझा पाय मध्येच थांबायचा. आतल्या खोलीतून खोकल्याचा नाहीतर कूस बदलल्याचा आवाज आला की मगच पुन्हा चालायचा. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. मंगळवार पेठेतलं आमचं घर लहान. पुढच्या खोलीत माझं शिवणकाम, मागं स्वयंपाकघर आणि एक खोली. त्यामुळं ऐकायला सोपं पडायचं.

हे शिरोलीच्या एका फाउंड्रीत वाळू तपासायचे. ओतकामाच्या साच्याला जी वाळू लागते, तिच्यात ओलावा किती, माती किती, दाणा केवढा, हे बघायचं काम. एकावर एक चाळण्या रचायच्या, वर वाळू ओतायची, यंत्र हलवायचं आणि कुठल्या चाळणीत काय अडकलं ते बघायचं. उभी हयात त्यात गेली. आजारपणानंतर नोकरी सोडली आणि दिवसभर करायला काही उरलं नाही. मुलगी पुण्यात नोकरीला. डॉक्टर म्हणाले, "ह्यांना घरात कोंडून ठेवू नका. मोकळ्या हवेत जाऊ दे, कशात तरी जीव रमू दे."

जीव रमला तो मोबाईलवरच्या व्हिडिओत. परदेशातल्या कुठल्याशा नदीत बायका-पुरुष गुडघाभर पाण्यात उभे राहून पसरट भांड्यात वाळू घेतात, पाण्याखाली गोल गोल हलवतात, हलकी वाळू वाहून जाते आणि जड सोन्याचा कण तळाशी राहतो. पोटासाठी नाही, सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून. एकदा मी चहा घेऊन गेले तर हे पलंगावर ताठ बसलेले.

"अगं, बघ की! हे माझंच काम हाय. मी जन्मभर तेच केलं. फक्त माझ्या वाळूत सोनं न्हवतं."

आजारपणानंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला होता. मला बरं वाटलं, आणि लगेच धास्तीही वाटली. आवाज चढणं त्यांच्या तब्येतीला चांगलं की वाईट, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी माझी कणकेची परात गेली. तिच्यात त्यांनी वाळू घेऊन मोरीत प्रयोग केले, मोरी तुंबली. मग ऑनलाइन एक हिरवं प्लास्टिकचं ताट मागवलं, आतून एका बाजूला पायऱ्या पाडलेलं. एक लहान खोरं, एक जाळी, कण उचलायला औषधाचा ड्रॉपर आणि कण ठेवायला होमिओपॅथीची रिकामी बाटली. एवढं सामान झालं, तसं मी सांगून टाकलं, "एकटं सोडणार नाही. जाणार असाल तर मी बरोबर."

पहिल्या रविवारी आम्ही कुरुंदवाडकडं गेलो. दोन नद्या मिळतात तिथं काहीतरी साठलं असेल असा ह्यांचा हिशोब. चपला काढून हे पाण्याकडं निघाले, तोच म्हशी धूत उभा असलेला एक माणूस ओरडला, "ओ पावणं! कुठं निघालासा? मगर हाय की तिकडं!"

"कुठं?" मी विचारलं.

"आता दिसत न्हाई म्हंजे पाण्यातच असंल की." तो शांतपणे म्हणाला आणि म्हशीची पाठ घासू लागला.

मी ह्यांच्या शर्टाला धरून ओढत गाडीपर्यंत आणलं. मला वाटलं, चला, सुटलो. पण आठवडाभर हे नकाशे बघत बसले. मग मला समजावून सांगितलं, की आपल्याकडचा दगड सगळा काळा, लाव्ह्याचा. त्यात सोनं सापडायचं नाही. पण खाली गडहिंग्लजच्या बाजूला जमीन बदलते, जुना दगड वर येतो. तिकडं ओढ्याओढ्यांनी काही ना काही वाहून येत असणार.

"आणि नदीचं नाव काय हाय तिकडं? हिरण्यकेशी. हिरण्य म्हंजे सोनं. उगंच ठेवलंय व्हय नाव?"

माझी दुसरी भीती कायद्याची. वाळूच्या ट्रॅक्टरांना काय काय होतं ते पेपरात रोज येतं. सरकारी नदीत आपण खोरं घेऊन उतरायचं म्हणजे? मी हट्टच धरला, तसे हे तालुक्याच्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या कारकुनानं विचारलं, "काका, वाळू घरी नेताय काय?"

"न्हाई. धुतो आणि तिथंच टाकतो."

"यंत्र लावताय?"

"हातानं."

"मग मला कशाला विचारायला आलाय?"

हे खूश होऊन परत आले. मी नाही. त्या माणसानं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. उद्या कुणी अडवलं तर आपण काय सांगायचं, की एका साहेबांनी आम्हाला उलट प्रश्न विचारला होता?

तरी हिवाळाभर आम्ही जात राहिलो. पहाटे डबा भरायचा आणि कागल, निपाणी, संकेश्वर करत आमच्या जुन्या गाडीतून जायचं. गावापासून जरा लांब, नदीनं वळण घेतलंय तिथं एक जागा ह्यांना आवडली होती. पात्रात मोठे दगड, दगडांच्या मागं साचलेली जाड वाळू. हे पायाच्या घोट्याइतक्या पाण्यात बसायचे. खोऱ्यानं वाळू घ्यायची, जाळीतून गाळायची, ताट पाण्याखाली धरून हलवायचं, हळूहळू तिरपं करायचं. शेवटी तळाला काळी, चमकदार, लोखंडासारखी वाळू राहायची. तिच्यावर बोटानं पाणी फिरवत हे वाकून बघत बसायचे. काढलेला खड्डा निघताना हातानं बुजवून टाकायचे.

मी काठावर छत्री उघडून बसायची. हातात बीडिंग लावायचं एखादं ब्लाउज असायचं, पण टाके वाकडे पडायचे. पाण्यात हात घातला की हे किती वेळ वर बघत नाहीत, ओठ काळे दिसतायत की सावली पडलीय, दगडामागं हललं ते काय, वरच्या बंधाऱ्याचं पाणी सोडलं तर आपल्याला कळणार कसं? एवढं सगळं बघत बसलेल्या माणसाच्या हातून शिवण होत नसतं.

एका रविवारी ह्यांनी मला खुणेनं बोलावलं. काळ्या वाळूच्या कडेला पिवळा ठिपका होता, खसखशीच्या दाण्याहून लहान. ह्यांनी नखानं दाबला, तो फुटला नाही, चपटा झाला. "अभ्रक असता तर चुरा झाला असता," हे पुटपुटले. मी ठिपक्याकडं कमी आणि त्यांच्या ओठांकडं जास्त बघितलं.

ती बाटली आम्ही गुजरीत ओळखीच्या सराफांकडं नेली. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ बघितलं.

"सोनंच आहे वहिनी. पण ह्याचं करायचं काय? मी शिंकलो तर जाईल."

हे दुकानात एवढे हसले, की मी घाबरून त्यांना स्टुलावर बसवलं.

त्यानंतर आला तो रविवार. त्या दिवशी अमावास्या होती. कॅलेंडर बघून मी म्हटलंही, "आज नको जायला." हे म्हणाले, "नदीला कुठं ठाऊक हाय अमावास्या?" थंडी सरली होती आणि ऊन तापू लागलं होतं, म्हणून मी सरबतासाठी पिशवीत लिंबं, साखर, मीठ टाकलं. हे नदीत उतरण्याआधी मी पाण्याला हळदकुंकू वाहायची, माझ्या आईची पद्धत. त्याची डबीही पिशवीत. पर्समध्ये ह्यांची जिभेखाली ठेवायची गोळी असायची. पर्स एरवी माझ्या खांद्यावरून हलत नसे, पण त्या दिवशी हातात छत्री, डबा, पिशवी आणि पाण्याची बाटली झाली, आणि पर्स गाडीतच राहिली. गाडी वर रस्त्याला, आंब्याखाली.

हे ताट हलवत होते. मी एका सपाट दगडावर दोन लिंबं चिरून ठेवली होती. शेजारी कुंकवाची डबी उघडीच. मागं उसात सळसळ झाली. मी वळून बघेपर्यंत वर बांधावर माणसं उभी होती. आधी तिघं-चौघं, मग आणखी, मग बायकाही.

"ए! काय चाललंय हितं?"

ट्रॅकसूट घातलेला एक आडदांड तरुण खाली उतरला. त्याची नजर ह्यांनी काढलेल्या खड्ड्यावर गेली, मग लिंबांवर, मग कुंकवावर.

"बगा! मी म्हणत न्हवतो? लिंबू, कुंकू, खड्डा. आणि आज आवस!"

"अहो दादा, सरबताची लिंबं आहेत ती," मी म्हटलं.

"सरबताला कुंकू लागतंय व्हय?"

मागून कुणीतरी ओरडलं, "धन काढाय आल्यात! धरा त्यास्नी!"

मला कळलं. गुप्तधन. जमिनीतलं धन काढायला लोक काय काय करतात, कोंबडं कापतात, त्याहून वाईटही काही, हे मी ऐकून होते. आणि तसं करताना सापडलेल्या माणसांचं गाव काय करतं, तेही ऐकून होते. हे पाण्यातून उठले, हातात ते हिरवं ताट धरून. "अहो ऐका की, मी वाळू धुतोय. हौस हाय मला. मी फाउंड्रीत होतो..." त्यांचा आवाज कुणाला ऐकू जात नव्हता. एकानं त्यांच्या हातातलं ताट ओढून घेतलं. आणखी एकजण मघापासून मोबाईल वर धरून व्हिडिओ घेत होता. ट्रॅकसूटवाल्यानं आमच्या डब्याशेजारची गाडीची किल्ली उचलून खिशात टाकली.

"पळून जायचं न्हाई. पोलीस पाटलीण येऊ दे."

हे खाली दगडावर बसले. बसले म्हणण्यापेक्षा गुडघे वाकले. तळहात छातीवर गेला, कपाळावर घाम आला. एवढी गर्दी, एवढा आरडाओरडा, पण मला एकदम सगळं लांब गेल्यासारखं वाटलं आणि फक्त त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला. आखूड, तुटक.

"किल्ली द्या," मी म्हटलं. "गाडीत ह्यांची गोळी आहे. हार्टचे पेशंट आहेत."

"असं म्हणून गाडी घिऊन पळताय व्हय?"

"मग तुम्ही जा! तुम्ही आणा! निळी पर्स आहे पुढच्या सीटवर!" मी ओरडत होते. माझा एवढा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "अरे, माणूस मरतंय हितं आणि तुम्ही लिंबं बघत बसलाय?"

तो जागचा हलला नाही. आता वाटतं, तोही घाबरलेलाच होता. ऐकावं की ऐकू नये, हे त्याला समजेना. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी पुढं आली. कपाळाला भस्माच्या आडव्या रेघा, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात विळा. तिनं विळा खाली टाकला आणि ह्यांच्यासमोर उकिडवी बसून चेहरा निरखून बघितला.

"अय्यो!" ती म्हणाली. "माझा मालक असाच बसला हुता बांधावर. असाच घाम. असंच तोंड." मग ती त्या तरुणाकडं वळली, कानडीत धाकट्या भावाला मारतात तशी हाक मारली. "तम्मा, काय उभा ऱ्हायलास? जा, पळ!"

तो पळाला. बांध चढताना एकदा घसरला, तसाच उठून पळाला. म्हातारीनं माझी छत्री उचलून ह्यांच्या डोक्यावर धरली. मी शर्टाची बटणं सोडली आणि पदरानं वारा घालत राहिले. तो परत येईपर्यंतचा वेळ मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की म्हातारी माझ्या पाठीवर हात ठेवून कानडीत काहीतरी पुटपुटत होती, आणि मला त्यातलं काही कळत नसूनही तो हात काढू नये असं वाटत होतं.

पर्स आली. मी ती वाळूतच उलटी केली. कंगवा, टेप, घराच्या किल्ल्या, रुमाल, आणि गोळ्यांची पट्टी. ह्यांच्या जिभेखाली गोळी ठेवली. ज्यानं ताट हिसकावलं होतं, त्यानं ते हळूच आणून आमच्या शेजारी ठेवलं.

पोलीस पाटलीण स्कूटीवरून आली. सरकारनं गावासाठी नेमलेली ही बाई माझ्या मुलीपेक्षा जरा मोठी असेल. शेतातनं तशीच आली होती, पायाला चिखल. आल्या आल्या गर्दीला म्हणाली, "मागं सरा की जरा, वारा लागू दे." मग ह्यांना पाणी दिलं आणि थांबली. घाई केली नाही. ह्यांच्या तोंडावर रंग आल्यावर तिनं विचारलं, "बोला काका आता. काय करत हुतासा?"

ह्यांनी सगळं सांगितलं. फाउंड्री, चाळण्या, व्हिडिओ, कचेरी. तिनं ऐकून घेतलं आणि मग ती जे म्हणाली, त्यानं माझा राग उतरला.

"काका, आमच्या लोकांचंबी ऐका. मागच्या महिन्यात आमच्या म्हसोबाच्या मागं कुणीतरी पुरुषभर खड्डा काढून गेलंय. नारळ, बाहुली, टाचण्या टाकून. त्याच आठवड्यात आमची एक लहान पोरगी अर्धा दिवस सापडत न्हवती. आजोळच्या वाटंला लागलेली, सापडली. पण त्या अर्ध्या दिवसात गावाचं काय झालं असंल? अजून बाया पोरांस्नी नदीला सोडत न्हाईत."

मी त्या बायकांकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी रोज आरशात बघत होते.

ह्यांनी विचारलं, "दाखवू काय, कसं करतो ते?" मी नको नको म्हणत होते. पण हे बसल्या जागी ताट पाण्यात घालून हलवू लागले, अगदी सावकाश. बांधावरची माणसं एकेक करून खाली आली आणि वाकून बघू लागली. शेवटी ताटात काळी वाळू राहिली. पिवळं काही नाही.

"ह्यात सोनं न्हाई," एकजण म्हणाला.

"बहुतेक वेळा नसतंच," हे म्हणाले.

पोलीस पाटलिणीनं ठाण्यात फोन केला, आमची आधार कार्डं बघितली आणि स्वतःचा नंबर दिला. गाडी मीच चालवत परत आणली. वाटेत संकेश्वरला दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, तो बरा निघाला. डॉक्टर म्हणाले, भीतीनं झालं असेल. मला वाटलं, संपलं.

पण सोमवारी सकाळी एक गिऱ्हाईक मापाला आलं. मी टेप धरून तिची पाठ मोजत होते, तर ती म्हणाली, "वैनी, राग मानू नका, पण ह्यात तुम्हीच हाय का?" आणि मोबाईल पुढं केला. व्हिडिओ. चिरलेली लिंबं, कुंकवाची डबी, खड्डा, 'धरा त्यास्नी' हा आवाज, हे ताट धरून उभे, आणि मी हात हलवत काहीतरी सांगतेय. खाली लिहिलेलं, गुप्तधनासाठी आलेलं जोडपं गावकऱ्यांनी पकडलं. गोळीचं काही नाही. म्हातारीचं नाही. व्हिडिओ त्याच्या आधीच संपत होता.

दुपारी पुण्याहून मुलीचा फोन. "आई, हे काय आहे? बाबा बरे आहेत ना? तुम्ही मला काहीच कसं सांगितलं नाही?" ती रडत होती, मी रडत होते, आणि हे आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेले.

पुढचे दिवस वाईट गेले. एक बाई तिचं कापड न शिवताच परत घेऊन गेली, कारण सांगितलं नाही. ओळखीचे लोक रस्त्यात थांबवून हसत विचारायचे, "काय मग, हंडा सापडला का?" हसणाऱ्यांचं मला एवढं वाटलं नाही. काहीजण न हसता विचारायचे, तिकडं खरंच काही आहे काय म्हणून. त्यांची जास्त भीती वाटायची.

ह्यांनी ताट माळ्यावर टाकलं. सकाळचं फिरणं बंद केलं. मोबाईलला हात लावेनात. दिवसभर खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे, पण खिडकी बंद. जेवण अर्ध्यावर. मी मशीनवर बसून ऐकायची आणि आत काहीच ऐकू यायचं नाही. पूर्वी मला वाटायचं, हे घरात असले की मी सुटले. आता घरातच असायचे, आणि मला नदीकाठी वाटायची त्याहून जास्त धास्ती वाटायची.

एके दिवशी ह्यांना न विचारता मी पोलीस पाटलिणीला फोन लावला. नाव सांगायच्या आधीच तिनं ओळखलं.

"काकी, तो व्हिडिओ आमच्याच पोरानं टाकलेला. मी काढायला लावला. खरं काय झालं तेबी ग्रुपवर लिवलं. पण खरं कोण पुढं धाडतंय?"

"आम्ही परत आलो तर चालेल का?" मी विचारलं.

ती मग म्हणाली, "या की. आदल्या दिवशी मला फोन करा, मी पंचायतीत सांगून ठेवते. आणि काकी, लिंबं नका आणू. सरबत मी देते."

ह्यांना तयार करायला मात्र मला आठवडाभर लागला. "मला न्हाई जायचं. लोकांनी चोर म्हणून बघितलंय मला," हे म्हणायचे.

"लोकांनी मलाही बघितलंय," शेवटी मी म्हटलं. "मी चाललेय रविवारी. तुम्हाला यायचं तर या." मी माळ्यावरून ताट काढून पुसून ठेवलं. शनिवारी ह्यांनी गाडीत हवा भरून आणली.

निपाणीच्या पुढं गेल्यावर मला वाटायला लागलं, की मी काय करून बसले? गाडी वळवावी असं तीनदा मनात आलं. नदीवर पोचलो तर काठावर बायका आधीच येऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्यात ती हिरव्या लुगड्याची म्हातारी. तिच्याजवळ लहान मुलंही होती, पाण्यापासून लांब, तिच्या हाताच्या अंतरावर. ट्रॅकसूटवाला तरुण बांधावर उभा होता. मी ह्यांच्या पुढं होऊन उभी राहिले.

तो खाली आला. माझ्याकडं न बघता ह्यांना म्हणाला, "काका, त्या दिशी... म्हंजे, तब्येत कशी हाय आता?"

"बरी हाय."

"मग दाखवा की. कसं करतासा ते नीट बगतो. त्या दिशी काय ध्यान न्हवतं."

हे बराच वेळ पाण्याकडं बघत उभे राहिले. मग विजार वर दुमडली आणि उतरले. तो तरुणही उतरला आणि खोरं धरून वाळू काढून देऊ लागला. हे त्याला सांगत होते, इथली घे, दगडाच्या मागची, पाणी जिथं थबकतंय तिथली. आवाज हळूहळू मोकळा होत गेला. दोन-तीन ताटं रिकामी गेली. मग एका ताटात तो ठिपका दिसला. ह्यांनी बोटावर घेऊन म्हातारीपुढं धरला. तिनं डोळे बारीक केले, मान पुढं काढली, मागं नेली.

"कुठं हाय?"

"हे काय, बोटावर."

"एवढंच?" ती म्हणाली. "ह्याच्यासाठी आमी सगळी पळत आलतो?" आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. बाकीच्या बायकाही हसल्या. हेही हसले. मी ह्यांच्या छातीकडं बघत होते.

उन्हं चढली तसे हे नदीच्या मधल्या मोठ्या दगडाकडं सरकू लागले. त्या दगडामागं चांगली वाळू आहे म्हणे. मी हाक मारली. त्यांनी हात वर केला, पण थांबले नाहीत. पाणी घोट्यावरून पोटऱ्यांपर्यंत आलं. तरुण खोरं घेऊन काठालाच उभा. पुन्हा हाक मारली, तर ऐकू आलं नाही असं दाखवलं. मग मी चपला काढल्या, साडी खोचली आणि पाण्यात पाय घातला. पाणी गार होतं, खालचे गोटे बुळबुळीत.

"अक्का, सावकाश!" मागून म्हातारी ओरडली. "शेवाळ हाय!"

मी एकेक पाऊल चाचपत गेले आणि त्यांचा दंड धरला. त्यांनी वळून बघितलं.

"तू कशाला आलीस?"

"काही नाही. करा तुम्ही."

हे दगडाआड वाकले. मी दंड सोडला नाही. पाण्याच्या आवाजात त्यांचा श्वास नीट ऐकू येत नव्हता, पण हातात दंडाखालची नाडी लागत होती. मी ती मोजत उभी राहिले.